लातूरच्या हॉलमध्ये रोइंगची शर्यत : एर्गरेस सॉफ्टवेअर कसं वाटलं

लातूरमध्ये रोइंगचं, म्हणजे होडी वल्हवायच्या खेळाचं, नाव काढलं की समोरचा आधी विचारतो, "मॅडम, पाणी कुठंय?" विचारणं बरोबरच आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आम्ही प्यायलोय. पण दुष्काळी चांदवड तालुक्यातला, वडिलांसोबत विहिरी खोदणारा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर रोइंग शिकला आणि त्याच 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकला सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्यानं होडी वल्हवायच्या शर्यतीत, 13 वा आला. हे मी माझ्या लेकरांना दरवर्षी सांगते. पाणी पुढं मिळेल. पाय, पाठ आणि दम आजपासून तयार करता येतो. म्हणून आम्ही काही शाळांनी मिळून रोइंग मशीनवरची, म्हणजे जागेवर बसून हँडल ओढत वल्हवायच्या मशीनवरची, स्पर्धा घेतली आणि तिचं सगळं टायमिंग लॅपटॉपवर एर्गरेसनं केलं. कुणाला अशी स्पर्धा घ्यायची असेल तर उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एर्गरेस हे कॉन्सेप्ट टू या अमेरिकन कंपनीचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. मशीन मात्र त्याच कंपनीचं लागतं आणि एका मशीनची किंमत लाखाच्या वर जाते, त्यामुळे शाळेनं विकत घ्यायचा प्रश्नच येत नाही. ओळखीच्या जिमवाल्यांना विनंती करून आम्ही सहा मशिनं गोळा केली. पाण्यावरच्या मोठ्या स्पर्धांतही साधारण सहाच लेन असतात, तेवढंच समाधान.

जोडणी सोपी आहे. लॅपटॉपमधून यूएसबी केबल पहिल्या मशीनच्या पीएम 5 मॉनिटरला (वेळ आणि अंतर दाखवणाऱ्या छोट्या पडद्याला) जाते आणि तिथून पुढं एका मॉनिटरला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, अशी साध्या नेटवर्क केबलची साखळी. कोणता मॉनिटर कोणत्या लेनचा, हे एकदा ठरवून द्यायचं. आमची चौथी लेन सारखी गायब व्हायची. शोधल्यावर कळलं की बाजारातून आणलेल्या एका केबलची प्लास्टिकची क्लिप तुटली होती आणि मशीन हललं की पिन सैल व्हायची. केबल बदलली, काम झालं. दोन केबल जास्तीच्या ठेवाच. आणि स्पर्धेच्या आधी सगळ्या मॉनिटरचं फर्मवेअर (मॉनिटरच्या आतलं सॉफ्टवेअर) एकसारखं करून घ्या. वेगवेगळ्या जिममधली मशिनं असली की प्रत्येकावर वेगळं असतं.

मला सगळ्यात जास्त आवडली ती सुरुवात. लॅपटॉपवरून शर्यत सुरू केली की सहाही मॉनिटरवर एकाच वेळी सूचना येते: तयार बसा, लक्ष द्या, आणि मग ओढा. फ्लायव्हील, म्हणजे हँडल ओढलं की मशीनमध्ये फिरणारं चाक, आधीच फिरत असेल तर शर्यत पुढं सरकतच नाही, आणि सूचनेआधी कुणी हँडल ओढलं तर कोणत्या लेननं फाउल केला ते लगेच दिसतं. मी कितीतरी वर्षं मैदानावर स्टॉपवॉच धरून उभी राहिलेय. हाताच्या वेळेत बोटाचा उशीर असतोच. तो धरूनच 100 मीटरच्या हाताच्या वेळेत 0.24 सेकंद मिळवून ती इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडायची पद्धत आहे. तीन टायमकीपर, तीन आकडे, आणि मग पालक येऊन विचारणार, "आमच्या पोराचा नंबर कसा काय गेला?" इथं असा प्रसंगच आला नाही. पोराच्या डोळ्यांसमोर त्याच्या स्वतःच्या मॉनिटरवर सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ लिहिलेली असते. औशाहून आलेल्या एका मुलीचा दुसरा नंबर अगदी थोडक्यात हुकला. ती मॉनिटरकडं बघत राहिली, मग उठून पहिल्या दोघींना हात मिळवून आली. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

प्रोजेक्टर लावला तर प्रत्येक लेनची छोटी होडी पडद्यावर सरकताना दिसते. कोण पुढं आहे आणि बाकीचे किती मीटर मागं आहेत, तेही दिसतं. मशीनवर बसलेलं लेकरू जागचं हलत नाही, त्यामुळे पडदा नसता तर बघणाऱ्यांना काहीच उमगलं नसतं. निलंग्याहून आलेल्या एका आजोबांनी रोइंग कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या शर्यतीला ते उभं राहून नातवाच्या लेनचा नंबर ओरडत होते.

आता बरोबरीच्या न्यायाचं. सहा जिममधली सहा मशिनं सारखी कशी, असा प्रश्न एका सरांनी विचारला आणि तो रास्त होता. आपल्याकडं धूळ फार. फ्लायव्हीलच्या जाळीत धूळ बसली की हवा कमी आत जाते आणि ओढायला हलकं लागतं. पण मॉनिटर प्रत्येक फटक्यानंतर फ्लायव्हील किती लवकर मंदावतं ते मोजून ड्रॅग फॅक्टर, म्हणजे हवेच्या अडथळ्याचा आकडा, काढतो आणि त्याच हिशेबानं अंतर धरतो. त्यामुळे मशीन हलकं म्हणून कुणाला फुकटचे मीटर मिळत नाहीत. तरीही शर्यतीआधी आम्ही जाळ्या पुसल्या आणि प्रत्येक मशीनचा ड्रॅग फॅक्टर बघून घेतला. मुलगे येऊन बसले की हवा कमीजास्त आत सोडणारा बाजूचा लिव्हर थेट 10 वर ढकलतात, जोर दाखवायला. लिव्हर वर नेला म्हणजे वेग वाढत नाही, हे प्रत्येकाला आधी सांगा. बहुतेकांना 3 ते 5 पुरतो.

याच मॉनिटरवर, आत्ताच्या वेगानं 500 मीटरला किती वेळ लागेल ते सतत दिसतं. पाण्यावरच्या 2000 मीटरच्या शर्यतीतही दर 500 मीटरला वेळ नोंदवतात, म्हणजे लेकरू पुढं होडीत बसलं तरी हा हिशेब त्याला नवा नसेल. ताकदीचा हिशेब मात्र कठोर आहे. 500 मीटरला 2 मिनिटांचा वेग ठेवायला साधारण 203 वॉट लागतात, आणि 1 मिनिट 45 सेकंदांवर यायचं तर 302. पंधरा सेकंदांसाठी जवळपास दीडपट ताकद. हे फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा पहिल्या 100 मीटरला जीव तोडून ओढणारी पोरं शांत झाली आणि अंतिम फेरीत दम राखून खेळली.

मधेच वीज गेली. प्रोजेक्टर बंद पडला, पण मॉनिटर टॉर्चमधल्या मोठ्या सेलवर चालतात आणि लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर होता. शर्यत पूर्ण झाली, वेळा जशाच्या तशा मिळाल्या. आपल्या भागात ही गोष्ट फार मोलाची आहे. सेल मात्र नवे घाला.

सॉफ्टवेअरवर सोडता येत नाही ते काम नावांचं. एकाच वर्गातल्या दोन वैष्णवी, आडनावही एकच. मग प्रत्येकाला चेस्ट नंबर दिला आणि नावाआधी तोच टाकला. कोणत्या हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) कोण, कोणत्या लेनला कोण, आयत्या वेळी गैरहजर राहिलेल्याची लेन रिकामी ठेवायची की भरायची, हे माणसानंच बघायचं. त्यासाठी लॅपटॉपवर एक जण आणि मशिनींजवळ हातात यादी घेऊन एक जण, असे दोघं हवेतच, आणि दोघांनी एकमेकांना विचारल्याशिवाय बदल करायचा नाही. निकालाची फाईल स्प्रेडशीटमध्ये उघडते. सगळ्या हीटमधल्या वेळा एकत्र लावून अंतिम सहा जण आम्ही तिथंच काढले. शिवाय प्रत्येक मॉनिटरवरची वेळ एक विद्यार्थी कागदावर उतरवून घेत होता. त्या कागदाची गरज पडली नाही, तरी तो ठेवायला मी सांगेनच.

नांदेड, परभणी, बीडकडच्या क्रीडा शिक्षकांनी हे जरूर करून बघावं. आधी एखाद्या रविवारी चार पोरं बसवून पूर्ण शर्यत चालवून बघा, यादी टाकण्यापासून निकाल छापण्यापर्यंत. आणि प्रोजेक्टरचा पडदा स्पर्धकांच्या पाठीमागं लावा, नाहीतर ती ओढायचं सोडून शेजारच्या लेनची होडी बघत बसतात.