फ्लुओ-४ एएम: रोटाव्हायरसचे कॅल्शियम टिपायला कितपत कामाचा?

रोटाव्हायरसचे एनएसपी४ प्रथिन पेशीच्या ईआरमधले (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतला कॅल्शियमचा साठा) कॅल्शियम बाहेर सोडते. एमए१०४ पेशींत (माकडाच्या मूत्रपिंडाच्या) ते झटपट पाहायला फ्लुओ-४ एएम हा कॅल्शियमला जोडला की चमकणारा रंग चांगला. डीएमएसओ या द्रावकात विरघळवून पेशींवर २ ते ५ मायक्रोमोलर, सोबत रंग पसरायला मदत करणारे ०.०२ टक्के प्लुरॉनिक, ३० मिनिटे. धुऊन आणखी ३० मिनिटे थांबा. सीरम अजिबात नको, त्यातली एस्टरेज विकरे रंग बाहेरच तोडतात नि पेशी कोऱ्या राहतात. पेशीतले कॅल्शियम वाढवणारे एटीपी घालताच चमक मस्त उसळते.

पण संसर्गात मूळ पातळी तासन्‌तास हळूहळू चढते, आणि तेवढ्या वेळात हा रंग पेशीबाहेर गळतो. प्रोबेनेसिड या औषधाने गळती कमी होते, थांबत नाही. शिवाय उत्तेजन एकाच तरंगलांबीचे. त्यामुळे चमक वाढली ती रंग जास्त म्हणून की कॅल्शियम, कळत नाही. त्यासाठी ३४०/३८० नॅनोमीटर उत्तेजनाच्या गुणोत्तराचा फ्युरा-२ रंग बरा. रात्रभराच्या चित्रणाला जीकॅम्पवाल्या (कॅल्शियमने चमकणारे प्रथिन स्वतःच बनवणाऱ्या) पेशीच घ्या.