कोबाल्ट ब्लू: एकच पाहुणा, दोन निवेदनं

सचिन कुंडलकरांची ही कादंबरी २००६ची. घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या तरुणावर भाऊ आणि बहीण, तनय आणि अनुजा, दोघंही जीव लावतात. आधी तनय सांगतो, मग अनुजा. त्या तरुणाला नाव नाहीच.

तनयचा भाग थेट त्या निघून गेलेल्या माणसाला उद्देशून आहे, सगळं ‘तू’मध्ये. काळ सतत मागेपुढे होतो, त्यामुळे रोज पाच-दहा पानं वाचणाऱ्याचा धागा सुटतो. हा भाग शक्यतो एका बैठकीत संपवावा. अनुजाचा भाग डायरीचा, तुलनेने सरळ. मात्र तो आधी वाचू नका. तनयला जे ठाऊक नाही ते आपल्याला इथे कळतं, आणि सगळी गंमत (खरं तर वेदना) त्या क्रमात आहे.

तनय गे आहे म्हणून त्याची बाजू मांडणारं भाषण कुठेही नाही. ‘समस्याप्रधान’ कादंबरी हवी असेल तर हिरमोड होईल. खटकतं ते एवढंच की आई-वडील पुसटच राहतात.

जेरी पिंटोंचा इंग्रजी अनुवाद २०१३चा. नेटफ्लिक्सवरचा २०२२चा हिंदी सिनेमा खुद्द कुंडलकरांचाच, पण तो केरळात घडतो. पुस्तक आधी वाचा.