वास्कोतल्या कपाटातले सी हॅरियर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या पिढीच्या वास्कोकरांनी सी हॅरियर हे नौदलाचे लढाऊ विमान डोळ्यांनी पाहण्याच्या आधी कानांनी ऐकले होते. ते दाबोळीवरून उडाले की चिखलीतल्या आमच्या घराच्या खिडक्या थरथरत, आणि आवाज ओसरेपर्यंत घरातले बोलणे थांबत असे. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली तीन विमाने ब्रिटनहून दाबोळीला उतरली आणि मे २०१६ मध्ये इथल्याच आयएनएस हंस या तळावर त्यांना निरोप देण्यात आला. त्यामुळे नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या, म्हणजे 'व्हाइट टायगर्स' स्क्वॉड्रनच्या रंगांतली १:७२ प्रमाणातली डाय-कास्ट (साच्यात ओतलेल्या धातूची) प्रतिकृती विक्रीला आलेली दिसली, तेव्हा साडेआठ हजार रुपये जास्त वाटत असूनही मी ती फेब्रुवारीत मागवली.

मापाबाबत तक्रारीला जागा नाही. मूळ विमानाची लांबी सुमारे साडेचौदा मीटर आणि पंखांचा विस्तार ७.७ मीटर आहे. माझ्या पट्टीवर प्रतिकृती २० सेंटिमीटर लांब आणि पावणेअकरा सेंटिमीटरांहून किंचित कमी रुंद भरते. धड आणि पंख जस्ताच्या मिश्रधातूचे असून नाकाचे टोक, चाकांचे पाय व शस्त्रे प्लास्टिकची आहेत. वरून गडद करडा आणि खालून पांढरा हा सुरुवातीच्या वर्षांतला रंग निवडला आहे. शेवटच्या काळातली फिकट करडी विमाने ज्यांच्या लक्षात आहेत त्यांना तो अनोळखी वाटेल, पण तो चूक नाही. शेपटीवरचा पांढरा वाघ शाईच्या ठशाने उमटवलेला असून भिंगाखालीही त्याची कड फाटलेली दिसत नाही.

या विमानाचे खरे मर्म त्याच्या चार नोझलांत, म्हणजे इंजिनातला झोत बाहेर सोडणाऱ्या फिरत्या तोंडांत आहे, आणि प्रतिकृतीची परीक्षाही तिथेच होते. पेगासस इंजिनाच्या पुढच्या दोन नोझलांतून पंख्याने दाबलेली, तुलनेने थंड हवा बाहेर पडते, तर मागच्या दोघांतून जळालेले तप्त वायू. चारही एकाच वेळी खाली वळली की विमान जागच्या जागी तरंगते. प्रतिकृतीत ती फिरतात, आणि नऊ महिन्यांनंतरही दिलेल्या कोनात घट्ट राहतात. मात्र कारखान्याने चारहींना एकच राखाडी रंग दिला आहे. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात उभ्या असलेल्या खऱ्या सी हॅरियरजवळ मी मुद्दाम जाऊन आलो. मागच्या नोझलांपाशी धडावर उष्णतेपासून बचावासाठी बसवलेला वेगळा पत्रा असतो आणि त्याचा रंग बाकी धडाशी जुळत नाही. प्रतिकृतीत तो पत्रा साच्यात कोरला आहे, पण रंगवलेला नाही; एवढी मेहनत घेऊन शेवटचे काम सोडून देण्याचे कारण मला उमगले नाही.

क्षेपणास्त्रांत तर चूकच आहे. भारतीय नौदलाच्या सी हॅरियरवर फ्रेंच बनावटीची मॅजिक क्षेपणास्त्रे असत; डब्यात ब्रिटिश विमानांची साइडवाइंडर निघाली. मॅजिकच्या पुढच्या भागात पंखुड्यांच्या दोन ओळी असतात, त्यामुळे फरक कुणालाही दाखवता येतो.

पावसाळ्याने मला जास्त शिकवले. जूनमध्ये, धूळ बसू नये म्हणून, मी विमान मूळ डब्यातल्या फोममध्येच ठेवले होते. जुलैच्या मध्यावर डबा उघडला तेव्हा फोम ओलसर लागला आणि पंखाच्या खालच्या बाजूला पांढुरकी झाक आली होती. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धता असली तर दमट हवेत तो आतून कुजतो, फुगतो आणि त्याला भेगा पडतात, हे वाचलेले असल्याने मी घाबरलो. पण मऊ सुती कापडाने पुसल्यावर झाक निघून गेली आणि खालचा रंग शाबूत दिसला, म्हणजे ती निव्वळ बुरशी होती. तेव्हापासून विमान काचेच्या कपाटात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत आहे. पुड्या मी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बदलल्या आणि झाक पुन्हा आली नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी फोमचा डबा फक्त प्रवासापुरताच वापरावा.

सर्वांत नाजूक भाग पंखांच्या टोकांजवळचे बारीक पाय आहेत. हॅरियरचा मुख्य भार धडाखाली एकामागोमाग असलेल्या चाकांवर असतो आणि हे दोन पाय फक्त तोल सांभाळतात. प्रतिकृतीतही रचना तीच असल्याने विमान जरा तिरके ठेवले की सगळे वजन त्या काडीएवढ्या प्लास्टिकवर येते. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेले असताना फोंड्याच्या भाच्याने विमान उचलून परत ठेवले आणि डावा पाय मुळाशी तुटला. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता, कारण कपाटाला कुलूप लावणे माझे काम होते. पाय चिकटवला आहे. जोड मात्र दिसतो. आता चाके काढून, पोटाखाली स्टॅण्ड लावून, नोझले मागे वळवलेल्या उड्डाणाच्या स्थितीतच मी ते ठेवतो.

क्षेपणास्त्रांबाबत मी उत्पादकाला लिहिले होते. सर्व देशांच्या आवृत्त्यांसाठी शस्त्रांचा साचा एकच आहे, असे उत्तर आले. साइडवाइंडर मी काढून डब्यात ठेवली आहेत आणि पंखांखालचे, शस्त्रे अडकवायचे आधार सध्या रिकामे आहेत.