ओपीए३३३ : एक गळीत हंगाम वापरल्यानंतर

जानेवारीतल्या एका रात्री नऊच्या सुमारास गुळव्या तात्यांचा फोन आला. "बाळ, तुझा डबा १४० म्हणतोय आन् गोळी अजून पाण्यात वळंना. कुणाचं खरं धरू?" म्हटलं, गोळीचंच धरा, आणि चपला सरकवून निघालो.

डबा म्हणजे मी ऑक्टोबरात काकांच्या गुऱ्हाळासाठी केलेला काहिलीचा, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईचा, तापमापक. के-टाइप थर्मोकपल (तापमानाप्रमाणे इवलासा व्होल्टेज देणारी दोन धातूंच्या तारांची जोडी), त्यामागे तो व्होल्टेज वाढवणारी ऑप-अँप चिप ओपीए३३३, गेन २०० म्हणजे दोनशे पट वाढ, पुढे आकडा काढणारा मायक्रोकंट्रोलर एटीमेगा३२८, आणि सगळं दोन पेन्सिल सेलवर. ढेपेचा गूळ साधारण ११८ अंशांच्या आसपास उतरवतात. तात्यांना यंत्राची गरज नाही, पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी वळली की त्यांना कळतं. गरज त्यांच्या पुतण्याला, तो अजून शिकतोय.

घरात एलएम३५८ या साध्या, स्वस्त ऑप-अँपची अख्खी नळी पडलेली असताना महाग चिप का घेतली, हे काकांनी विचारलंच. के-टाइप एका अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतो. ३५८ चा ऑफसेट, म्हणजे इनपुटला काही नसतानाही तो धरतो ती चूक, वाईटात वाईट ७ मिलिव्होल्ट, म्हणजे १७० अंशांची थाप. तो सॉफ्टवेअरमध्ये वजा करता येतो, मान्य. पण चुलवाणाशेजारी डबा २५ वरून ५० अंशांवर गेला की ऑफसेट पुन्हा सरकतो, आणि चारेक अंश तिथेच जातात. शिवाय ३५८ ला किमान ३ व्होल्ट लागतात, दोन सेल जरा उतरले की त्याचा भरवसा संपला. ओपीए३३३ चा ऑफसेट जास्तीत जास्त १० मायक्रोव्होल्ट, म्हणजे पाव अंश. हा ऑप-अँप सेकंदाला हजारो वेळा स्वतःची चूक स्वतःच मोजून काढून टाकतो, त्यामुळे तापला तरी जागचा हलत नाही. चालतो १.८ व्होल्टपर्यंत.

तरी पहिला महिना मी त्याच्या नावानं खडे फोडत होतो. उकळत्या पाण्यात थर्मोकपल घातला तर ९८. दोन दिवस गेनचे रेझिस्टर बदलत बसलो. तिसऱ्या दिवशी चहा उकळताना डोक्यात प्रकाश पडला : कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथं पाणी ९८ लाच उकळतं. चिप बरोबर होती, मी चुकलो होतो.

मग गुऱ्हाळात आकडा तीन-चार अंशांनी डुलायला लागला. पुन्हा चिपवर संशय. खरी गोम टर्मिनलच्या स्क्रूत निघाली. थर्मोकपल फक्त दोन टोकांमधला फरक सांगतो, त्यामुळे स्क्रूपाशी किती तापमान आहे हे वेगळं मोजून मिळवावं लागतं. ते मोजणारा माझा थर्मिस्टर बसला होता बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला, आणि चुलवाणाची झळ येत होती स्क्रूंवर. थर्मिस्टर स्क्रूंना चिकटवला, वर झाकण घातलं, डुलणं थांबलं. पाव अंशाची चिप घ्यायची आणि चार अंश स्क्रूपाशी सांडायचे, असला आमचा कारभार.

कमी विजेचं कौतुक करू का नको, ते ठरत नाही. १७ मायक्रोअँपिअर खाणारा ऑप-अँप एकटा असता तर दोन सेलवर दहा वर्षांहून जास्त चालला असता, सेलच आधी म्हातारे झाले असते. पण रात्री आकडा दिसावा म्हणून मी डिस्प्लेला बॅकलाइट दिला होता, तो १५ मिलिअँपिअर ओढायचा. सेल आठवड्यात झोपले. उपासाला साबुदाण्याची खिचडी दोन ताटं, तसला प्रकार. आता बटण दाबलं तरच दिवा लागतो.

आता माझं खरं दुखणं. डेटाशीटवर 'रेल-टू-रेल आउटपुट' लिहिलंय, म्हणजे आउटपुट शून्यापासून थेट सेलच्या व्होल्टेजपर्यंत जातं असा दावा. ही रेल म्हणजे मिरजेचं तिकीट काढायचं आणि गाडीनं आउटर सिग्नलला उतरवायचं. १० किलोओहम लोडला रेलपासून ५० मिलिव्होल्ट दूर राहण्याची मुभा डेटाशीट स्वतःच घेते. माझ्या बोर्डवर लोड हलका, तरी आउटपुट ८ मिलिव्होल्टच्या खाली उतरत नाही. २०० नं भागा : ४० मायक्रोव्होल्ट, एक अंश. म्हणजे सकाळी काहील गार असताना डबा खोलीपेक्षा एक अंश जास्त दाखवतो. बर्फाच्या पाण्यात कॅलिब्रेशन तर विसराच. तिथं सिग्नल उणे होतो आणि आउटपुट तळाला चिकटून बसतं.

११८ मोजणाऱ्या माणसाला गार काहिलीच्या एका अंशाचं काय, असं बायको म्हणाली. बरोबर आहे तिचं. तरी मी तीन रविवार त्यात घातले. थर्मोकपलचं एक टोक रेझिस्टरच्या जोडीनं थोडं वर उचलून पाहिलं. शून्य मिळालं, पण ती जोडी ऑप-अँपपेक्षा जास्त करंट खाऊ लागली. काढून टाकली. तो एक अंश अजून तसाच आहे आणि रोज सकाळी मला दिसतो.

तर जानेवारीची रात्र. डिसेंबरअखेर मळी काढताना उकळता रस डब्यावर सांडला आणि चिप गेली. मूळ डिस्ट्रिब्युटरकडून दोनच आणल्या होत्या. दुसरी सोल्डर करताना शिंक आली, आणि तीन मिलिमीटरची ती वस्तू फरशीवर जी गेली ती गेली. चिप दोनशेच्या आत, पण कुरिअर तिच्याहून महाग, म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून चाळीस रुपयांची अशा दहा घेतल्या. खुणा हुबेहूब. एक बसवली आणि न तपासता डबा पाठवून दिला, ही चूक माझीच.

त्या रात्री बॅटरीच्या उजेडात इनपुट शॉर्ट करून, म्हणजे शून्य देऊन, मोजलं : आउटपुट २४० मिलिव्होल्ट. म्हणजे ऑफसेट १.२ मिलिव्होल्ट, जवळजवळ तीस अंश. नुसती चिप ६०० मायक्रोअँपिअर खात होती. कुठल्यातरी स्वस्त ऑप-अँपचं नाव घासून वर ३३३ छापलेलं. विक्रेत्याला मल्टिमीटरचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "सर, चालू केल्यावर लाइट लागतो का, त्याचा व्हिडिओ पाठवा." ऑप-अँपला लाइट! आठ दिवस हुज्जत घातली आणि हाती आलं पन्नास रुपयांचं कूपन.

शेवटी डिस्ट्रिब्युटरकडून पाच मागवल्या, कुरिअर एकदाच पडलं. मार्चअखेर शेवटचं आधण उतरेपर्यंत डबा आणि तात्यांची गोळी यांच्यात अंशभराहून जास्त भांडण झालं नाही. नकलीपैकी एक पाण्याच्या टाकीच्या बझरला लावलाय. तिथं तो झकास चालतो.