आउटबोर्ड मोटार अकरा महिने वापरल्यावर: सगळं अडलं होतं एका स्क्रूवर

अडीच हॉर्सपॉवर, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, अंगावरच लिटरभराची टाकी, वजन साधारण १७ किलो. होडीच्या मागच्या बाजूला अडकवायची ही मोटार पाण्यावर कशी चालते ते बऱ्याच जणांनी लिहिलंय. मी लिहितोय ते ती चालत नसते त्या दिवसांबद्दल. अकरा महिन्यांत माझी मोटार फार तर चाळीस तास चालली असेल. बाकी सगळा काळ ती कोपऱ्यात उभी होती, आणि बिघडली तीही कोपऱ्यातच.

सात आठवड्यांनी बाहेर काढली तर सुरूच होईना. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. शेवटी चोकवर धरली, पण चोक आत ढकलला की बंद. सर्व्हिसवाल्याने झाकण उघडून नुसतं वरवर पाहिलं आणि म्हणाला, कार्बोरेटर गेला, नवा टाकावा लागेल. जी वस्तू उघडूनच पाहिली नाही ती गेली हे याला कसं कळलं? मला मनापासून राग आला. मी मोटार उचलून घरी आणली.

कार्बोरेटर सोडवून खालची वाटी काढली. तळाला पिवळट, चिकट थर. पायलट जेट, म्हणजे मंद गतीत इंजिनाला पेट्रोल पुरवणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, उजेडासमोर धरला तर आरपार काहीच दिसेना. ते भोक केसाएवढं असतं. कार्ब क्लीनर मारला, थोडा वेळ भिजू दिला, हवा मारली. (तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग खरंच नवा जेट लागतो.) सगळं परत बसवलं आणि दुसऱ्या ओढीत मोटार सुरू. नवा कार्बोरेटर वाचला.

पण मला छळत होतं ते वेगळंच. मी तर दर वेळी पेट्रोलचा कॉक बंद करून मोटार आपोआप बंद पडेपर्यंत चालवत होतो. मग वाटीत पेट्रोल आलं कुठून?

पुढच्या वेळी तसंच केलं आणि लगेच वाटीच्या बुडाचा ड्रेन स्क्रू सैल केला. औषधाच्या झाकणात सात-आठ मिली पेट्रोल आलं! वाटीतली पातळी जेटच्या खाली गेली की इंजिनाला पेट्रोल मिळत नाही आणि ते बंद पडतं; तळाचं तिथेच राहतं. मग त्यातला हलका भाग उडून जातो आणि चिकटा मागे उरतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावाही ओढून घेतं. म्हणजे ‘बंद पडेपर्यंत चालवा’ हा सल्ला अर्धाच आहे. चौथ्या महिन्यापर्यंत मी हे इंजिनच कमअस्सल आहे असं म्हणत होतो. ते शब्द मागे घेतो. इंजिन उत्तम आहे.

स्क्रूची जागा मात्र अत्यंत वाईट आहे. खालच्या झाकणाची कड आडवी येते, स्क्रूड्रायव्हर तिरपा लागतो, खाच खराब होते आणि पेट्रोल भांड्यात पडण्याआधी मोटारीच्या अंगावरून ओघळतं. प्रत्येक वापरानंतर जो स्क्रू उघडायला हवा, तो हाताने फिरवता यावा आणि त्याला बोटभर नळी असावी, एवढी अपेक्षा जास्त नाही. मी खाचेत नेमका बसणारा लांब, बारीक दांड्याचा स्क्रूड्रायव्हर फक्त याच कामासाठी ठेवलाय.

आता माझा क्रम ठरलेला आहे. खाऱ्या पाण्यातून आलो की मोटार गोड्या पाण्याच्या पिंपात, पंख्यावरची आडवी पट्टी बुडेल एवढ्या पाण्यात, पाच-दहा मिनिटं चालवतो. पाण्याबाहेर क्षणभरही नाही, इंजिन थंड ठेवणारं पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इंपेलर (आतली फिरकी) कोरडा घासून जातो. शेवटी कॉक बंद, मग स्क्रू, मग टाकीही रिकामी. भरल्या टाकीसकट घरात ठेवणं मला पटत नाही. पेट्रोलची वाफ साचते. गिअर ऑइल वर्षातून एकदा काढून पाहतो. दुधासारखं दिसलं तर सीलमधून पाणी शिरलंय.

ठेवायची कशी, यातही एक चूक केली. गाडीत एकदा उलट्या कुशीवर आडवी टाकली. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खालीच साठलेलं असतं, ते सिलिंडरकडे आणि हवेच्या वाटेत उतरलं. सकाळी दोरी जागची हलेना. जोर लावला नाही हे बरं झालं. प्लग काढून हळूहळू ओढल्यावर ऑइल बाहेर आलं, नंतर बराच वेळ पांढरा धूर. आडवी ठेवायचीच तर पुस्तिकेत दाखवलेल्या कुशीवरच, तीही आधी उभी धरून पायातलं (इंजिनाखालच्या, पाण्यात बुडणाऱ्या भागातलं) पाणी पूर्ण निथळल्यावर, आणि इंजिनाचं डोकं पंख्यापेक्षा वर ठेवून. नाहीतर उरलेलं पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरपर्यंत जातं. घरी मी दोन फळ्यांचा स्टँड केलाय, त्यावर ती उभीच असते. वर सुती चादर. प्लास्टिक गुंडाळलं होतं तेव्हा आत दव धरलं आणि बोल्टच्या डोक्यांवर गंज आला.

परवा नऊ आठवड्यांनी काढली. टाकीत ताजं पेट्रोल, दुसरी ओढ, सुरू. ड्रेन स्क्रूची रबरी रिंग मात्र इतक्या वेळा उघडून चपटी झालीय, थेंब थेंब गळते. दोन नव्या आणल्यात. एक बसवली, दुसरी त्या स्क्रूड्रायव्हरच्याच पिशवीत ठेवलीय.