बूमचे 4,500, ओळखपत्राचे 11,000 आणि ‘मानद’ हा शब्द

आकडा आधीच सांगतो, म्हणजे माझी लाज एकदाच निघेल. 67,750 रुपये, एका वृत्तवाहिनीची बातमीदारी करताना बुडाले. हे लिहू नको असं बायको म्हणाली, लोक हसतील. हसू देत.

सात वर्षं मी सोलापूरवर लिहितोय, फुकट. उजनी भरलेलं असूनही नळाला चार-पाच दिवसांनी पाणी का येतं, यंत्रमाग का बंद पडतायत, असलं काहीबाही. नोव्हेंबर 2024 मध्ये एका वृत्तवाहिनीच्या पुण्यातल्या ‘ब्यूरो’ म्हणवणाऱ्या साहेबांचा फोन आला. “सर, तुमच्यासारखा माणूस आम्हाला सोलापुरात हवा. बातमीमागे 250.” सात वर्षांत मला ‘सर’ म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं, हे इथेच कबूल करतो.

ओळखपत्राची ठेव 11,000, बूमचे, म्हणजे वाहिनीचा लोगो लावलेल्या माइकचे, 4,500. पार्क चौकात चहाच्या गाडीवर उभा राहून स्कॅन केलं, तर स्क्रीनवर नाव आलं एका मोबाईल शॉपीचं. वाहिनीचं नाही! अंगठा थांबला होता माझा. फोन करून विचारलं, तर म्हणाले, “अकाउंटला ऑडिट चालू आहे, तात्पुरतं.” आणि मी पैसे पाठवले. इतरांना शहाणपण शिकवणारा मी. पैसे घेणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर चहा पिऊन घरी जा. ऑडिट वगैरे काही नसतं.

नेमणुकीचं पत्र आलं, त्यात छापलं होतं ‘मानद प्रतिनिधी’. मला वाटलं, मान देतायत! मानद म्हणजे बिनपगारी, हे मराठी लिहून लिहून केस पिकलेल्या माणसाला कळू नये? खाली बारीक अक्षरात ‘सर्व चित्रीकरणाचे हक्क वाहिनीकडे’. त्यावर माझी सही, तीही झोकात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने चित्रीकरणाचा हक्क लेखी सहीशिवाय दुसऱ्याकडे जात नाही, हे मला नंतर कळलं. म्हणजे तो मी स्वतःच्या हाताने देऊन बसलो होतो.

पहिल्या सहा बातम्यांचे 1,500 आले. आमिष असं लावतात. मग जानेवारीत गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वरांची यात्रा. सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, दुसऱ्या दिवशी होम मैदानावरचं होमप्रदीपन, सातही नंदीध्वज मी मोबाईलवर घेतले. बाराबंदीतल्या गर्दीत चप्पल गेली. रात्री ते टीव्हीवर लागलं. कोपऱ्यात त्यांचा लोगो, माझं नाव कुठेच नाही. आई मात्र शेजारणीला बोलावून दाखवत होती, “आमच्या पोराचं आहे की ओ हे.” मी गप्प.

ऑगस्टपर्यंत एकूण 143 बातम्या दिल्या. 137 चे पैसे आजही बाकी, 34,250. मधेच वर्धापनदिन आला, म्हणजे जाहिरात आणा. चाटी गल्लीतल्या एका ओळखीच्या चादरवाल्याकडून 18,000 आणले, जाहिरात लागलीच नाही. त्याच्या दारात उभं राहायला तोंड उरणार नाही म्हणून ते मी माझ्या खिशातून परत केले. जाहिरात मागणारी वाहिनी तुम्हाला बातमीदार समजत नाही, वसुलीवाला समजते.

आता कोणी म्हणेल, दहा महिने काय झोपला होतास? अहो, वर्षभरात अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारी मान्यता, मिळवून देतो म्हणाले होते! ती राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, वाहिनीच्या हातात ती नसते. साधी चौकशी केली असती तरी कळलं असतं. आणि वाहिन्यांना परवानगी केंद्राचं माहिती व प्रसारण मंत्रालय देतं, त्यांच्या यादीत नाव शोधायला दहा मिनिटं लागतात. तेवढीही मी दिली नाहीत.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, “तुम्ही पत्रकार का ओ? मग तुम्हालाच सगळं ठाऊक असणार की.” दोन तास बाकावर. मग साहेब आले: हे दिवाणी आहे, वकील बघा. अहो, खोटं आमिष दाखवून पैसे काढले, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 कशासाठी आहे मग? “तुम्ही कायदा शिकवू नका.” अर्जाची पोच मागितली, तर शिक्का मारणारे रजेवर. तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा शिक्का रजेवर. एका सरकारी कार्यालयात म्हणाले, तुम्ही कर्मचारीच नाही. पत्रकारांच्या एका संघटनेत म्हणाले, तुम्ही सभासद नाही, आधी वर्गणी भरा. ज्याला फसवलं तो नेमका कोणाचा, याच वादात माझी फाईल फिरतेय. उद्या हेच पोलीस साहेब त्याच वाहिनीला हसत बाईट देतील, लिहून ठेवा.

व्हॉट्सॲपवरची बोलणी पुसू नका. मूळ चित्रफीत स्वतःकडे ठेवा, पाठवताना कोपऱ्यात नाव टाका. पहिले पैसे तुमच्याकडून जात असतील तर ती नोकरी नव्हे.

ठेव परत मागितल्यावर पुण्यातले साहेब म्हणाले, आधी बूम जमा करा. बूम जमा केला, तर म्हणाले, स्पंजवर डाग आहे. तेव्हापासून नंबर बंद.

हे चार जणांना बोललो, तेव्हा अजून दोघं निघाले, एक अक्कलकोटचा, एक बार्शीचा. बार्शीवाल्याने बूमचे 6,000 दिलेत. खोटं कशाला सांगू, ऐकून जरा बरं वाटलं.