ब्रेडेड की विणलेली? केबल आणि होजसाठी स्लीव्ह निवडताना

केबलवर किंवा होजवर (तेल-पाणी नेणाऱ्या लवचिक नळीवर) संरक्षक स्लीव्ह, म्हणजे धाग्यांचे नळीसारखे आवरण, चढवायची ठरली की चर्चा लगेच धाग्यावर जाते. नायलॉन घ्यायचा की पॉलिस्टर, काचतंतू परवडेल का, अ‍ॅरामिड (केव्हलारसारखा धागा) लागेल का. माझ्या मते आधी रचना ठरवावी, धागा मागाहून. एकाच पॉलिस्टरची ब्रेडेड स्लीव्ह आणि विणलेली स्लीव्ह कॅटलॉगमधल्या फोटोत सारखीच काळी दिसते, पण हातात घेतल्यावर एक दाबताच फुगते आणि दुसरी ढिम्म हलत नाही. खरेदीतले बरेचसे घोळ या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

रचनेतला फरक

नेहमीच्या ब्रेडेड स्लीव्हमध्ये सगळे धागे तिरके चालतात. निम्मे एका दिशेने वळसे घेत जातात, निम्मे उलट्या दिशेने, आणि वाटेत एकमेकांच्या खालून-वरून निघतात. लांबीला समांतर असा धागा त्यात नसतो. म्हणून ती दोन्ही बाजूंनी दाबली की आखूड होऊन रुंदावते आणि ओढली की लांब होऊन आवळते. मोठा कनेक्टर आत सरकवायचा, मग स्लीव्ह ओढून केबलवर घट्ट बसवायची, ही सोय यातूनच मिळते.

या सोयीची किंमत लांबीत मोजावी लागते. धाग्याचा अक्षाशी असलेला कोन ३० अंशांवरून ६० अंशांवर गेला, तर व्यास सुमारे १.७३ पट होतो आणि लांबी मूळच्या ५८ टक्क्यांवर येते. म्हणजे जाड हार्नेसवर (एकत्र बांधलेल्या केबलच्या जुडग्यावर) पसरवून बसवायची स्लीव्ह केबलच्या मापाइतकीच कापली, तर शेवटचा बराच भाग उघडा पडणार. कापण्याआधी एक तुकडा प्रत्यक्ष जाडीवर चढवून तो किती आखडतो ते पाहावे.

विणलेल्या स्लीव्हमध्ये नेहमीच्या कापडासारखे उभे-आडवे धागे असतात. उभे लांबीच्या दिशेने, आडवे गोल फिरत. लांबी ताणत नाही, व्यासही बदलत नाही, आणि वीण घट्ट असल्यामुळे पृष्ठभाग जवळपास पूर्ण झाकला जातो. होजवर चढवायच्या नायलॉन स्लीव्हचे माप बहुतेक वेळा सपाट रुंदीत दिलेले असते, आणि इथे नवखा माणूस हमखास फसतो. ५० मिमी सपाट रुंदीची स्लीव्ह गोल केल्यावर व्यास साधारण ३२ मिमी भरतो (रुंदीला ०.६४ ने गुणायचे). शिवाय हायड्रॉलिक होजचे नाव आतल्या छिद्रावरून ठरते, स्लीव्ह बसते बाहेरच्या व्यासावर. अर्धा इंची दोन-तारी (आत पोलादी तारेचे दोन थर असलेली) होज बाहेरून २२-२३ मिमीच्या घरात असते. फिटिंग (टोकाची धातूची जोडणी) आधीच क्रिम्प केलेले, म्हणजे दाबून बसवलेले असेल तर त्याचा षट्कोनही स्लीव्हमधून जायला हवा, म्हणून माप त्याचे धरावे लागते.

ब्रेडेड कुठे सरस

जिथे जाडी जागोजागी बदलते तिथे. पॅनेलमधून निघालेला दहा केबलचा जुडगा पुढे फाटे फुटत दोन केबलवर येतो. अशा हार्नेसवर एकाच मापाची ब्रेडेड स्लीव्ह बराचसा पल्ला सांभाळते. ती हलकी असते, वळणावर चुरगळत नाही, आणि जाळीतून हवा खेळते. विजेचा मोठा प्रवाह वाहणाऱ्या केबलसाठी ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. घट्ट आवरणात उष्णता कोंडली तर केबलची प्रवाहक्षमता कमी धरावी लागते. तेल किंवा पाणी पडले तर जाळीतून ते निथळूनही जाते.

पण ज्या फटीतून पाणी निघून जाते त्याच फटीतून वाळू आत येते. सिमेंट, फाउंड्री, खाणकाम अशा ठिकाणी कण जाळीखाली अडकतात आणि कंपनांबरोबर केबलचे इन्सुलेशन आतून घासत राहतात. बाहेरून स्लीव्ह नवीकोरी दिसत असते. पत्र्याची धारदार कड असेल तिथेही एकेरी ब्रेडेडवर विसंबू नये, कारण पसरलेल्या जाळीत कड थेट केबलला टेकू शकते. त्या जागी आधी कड मोडावी किंवा रबरी ग्रोमेट (छिद्राच्या कडेवर बसणारे कडे) बसवावे. स्लीव्ह हा त्यानंतरचा उपाय.

दुसरा त्रास टोकांचा. साध्या कात्रीने कापली की ब्रेडेड स्लीव्ह उसवते, आणि एकदा उसवू लागली की थांबत नाही. पॉलिस्टर, नायलॉनसाठी गरम सुरी वापरली तर धागे वितळून एकमेकांना चिकटतात. काचतंतू असा वितळत नाही, म्हणून त्याच्या टोकाला हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), क्लॅम्प किंवा लेप लागतो.

विणलेलीला जिथे पर्याय नाही

हायड्रॉलिक होज ऑपरेटरजवळून जात असेल तर हा तुलनेचा विषयच उरत नाही. होजला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले की तेलाची चिळकांडी इतक्या वेगाने निघते की ती त्वचेत शिरते. जखम बाहेरून किरकोळ दिसते, आत मात्र ऊतींची नासाडी सुरू झालेली असते आणि तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडते. ब्रेडेड जाळी ही चिळकांडी अडवू शकत नाही. घट्ट विणलेली नायलॉन स्लीव्ह तिचा जोर मोडते आणि तेल आतल्या आत पसरून टोकांकडे झिरपते. म्हणून टोके जागेवर पक्की धरावीत, पण तेल बाहेर येऊन दिसेल इतकी वाट ठेवावी. गळती दिसली नाही तर कोणी यंत्र थांबवणारही नाही.

माती हलवणाऱ्या यंत्रांवरच्या गार्डसाठी आयएसओ ३४५७ हे मानक आहे. मात्र विणलेली प्रत्येक स्लीव्ह या कामाची नसते. केवळ घासण्यापासून वाचवणारी आणि फुटलेल्या होजचा मारा सोसणारी, या दोन वेगळ्या जाती आहेत. पुरवठादाराकडून कोणत्या दाबाला, कोणत्या चाचणीने तपासली हे लेखी घ्यावे. ‘हेवी ड्युटी’ या शब्दांना चाचणीअहवालाशिवाय काहीही अर्थ नाही.

बसवताना थोडी ढील ठेवावी. दाब चढल्यावर होज स्वतः लांबीत बदलते. एसएई १००आर या हायड्रॉलिक होजच्या मानक मालिकेतल्या नेहमीच्या होजना +२ ते -४ टक्के बदल मान्य असतो. स्लीव्ह ताणत नाही, म्हणून ती ताठ बांधली तर बांधणीच्या जागी ओढ बसते. विणलेलीचा एक खरा दोषही सांगायला हवा. ती ओलावा आणि चिखल धरून ठेवते आणि होज नजरेआड करते. तारा गंजल्या, रबराला तडे गेले, हे कळायला स्लीव्ह सरकवून पाहावी लागते, आणि तपासणीच्या यादीत हे काम लिहिलेले नसेल तर ते होत नाही.

जोडणी सोडवता येत नसेल तर

केबल आधीच जोडलेली, कनेक्टर मोल्ड केलेला, यंत्र चालू. अशा वेळी चिरलेली, आपोआप गुंडाळणारी विणलेली स्लीव्ह घ्यावी. तिच्यातल्या आडव्या ताठ मोनोफिलामेंटला (एकेरी जाड तंतूला) उष्णतेने वळण दिलेले असते, त्यामुळे उघडून केबलवर टाकली की ती स्वतःहून मिटते आणि कडा एकमेकींवर चढतात. दुरुस्तीनंतर परत काढता येते. सतत वाकणाऱ्या किंवा पिळणाऱ्या केबलवर तिची चीर उघडण्याचा धोका असतो. तिथे ठरावीक अंतराने केबल टाय लावावेत किंवा हुक-लूप पट्टीची बंद होणारी जात घ्यावी. केबल चेनच्या (हलत्या यंत्रभागाबरोबर केबल वाहून नेणाऱ्या साखळीच्या) आत मात्र मी कुठलीच स्लीव्ह घालणार नाही. तिथे चेनसाठीच बनवलेली केबल हवी.

आता धागा

पॉलिस्टर मोनोफिलामेंट हा बहुतेक ठिकाणी पुरेसा पर्याय. तो साधारण १२५ °से.पर्यंत चालतो आणि २५० °से.च्या आसपास वितळतो. गरम पाणी, वाफ आणि तीव्र अल्कली त्याला मानवत नाहीत. नायलॉन ६,६ घासण्यात त्याच्यापेक्षा चिवट, पण ओलावा शोषतो आणि तीव्र आम्लापुढे टिकत नाही. अ‍ॅरामिड वितळत नाही, चिरण्याला दाद देत नाही, मात्र उन्हात कमजोर होतो. उघड्यावर वापरायचा तर वर आच्छादन हवे. रसायनांचा मारा आणि २०० °से.च्या आसपासची उष्णता दोन्ही असतील तर पीपीएसकडे (पॉलिफिनिलीन सल्फाइडकडे) पाहावे, किंमत चढी असली तरी.

काचतंतूवर सिलिकॉन रबर चढवलेली फायर स्लीव्ह सतत २६० °से. आणि थोड्या वेळासाठी १०९० °से. सोसते असे डेटाशीट सांगते. हा आकडा स्लीव्हचा आहे, आतल्या केबलचा नाही. सभोवतालचे तापमान तासन्‌तास २०० अंश असेल तर ७० अंशांची पीव्हीसी केबल आत भाजणारच, फक्त थोडी उशिरा. फायर स्लीव्ह वितळलेल्या धातूच्या शिंतोड्यांसाठी आणि अचानक भडकलेल्या ज्वाळेसाठी. भट्टीसारखी एका बाजूने झळ लागत असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली, केबलभोवती हवेची फट ठेवणारी ढिली स्लीव्ह अधिक काम करते. उघडा काचतंतू सतत वाकणाऱ्या रोबोटच्या हातावर घालू नये. तंतू एकमेकांवर घासून तुटतात आणि त्वचेला खाज आणतात.

मागणी नोंदवताना बाहेरचा व्यास, सर्वात मोठ्या कनेक्टरचे माप, बसवल्यानंतरची लांबी, सततचे आणि क्षणिक तापमान, आणि केबल हलते की स्थिर, एवढे लिहावे. रेल्वेच्या डब्यात वापरायची असेल तर ईएन ४५५४५-२ या रेल्वे अग्निसुरक्षा मानकाची धोकापातळीही लिहावी, कारण तिथे आगीबरोबर धुराचाही हिशेब होतो. विद्युतचुंबकीय अडथळा रोखणे हाच हेतू असेल तर कापडी स्लीव्हचा उपयोग नाही. त्यासाठी कथिल चढवलेल्या तांब्याची ब्रेड लागते, आणि तीही दोन्ही टोकांना चहूबाजूंनी नीट जोडलेली.